कोणालेच सांगू नका

आमच्या शेजारचे भगवंतराव एसटीत कंडक्टर होते, अचलपूर-अकोला गाडीवर. या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या प्रवाशांना ठाऊक. कुणाच्या मुलीला पाहायला पाहुणे आले, कुणाच्या भावांत वाटणी झाली, तिकिटाबरोबर ही माहितीही मिळायची. निवृत्तीनंतर गाडी सुटली, सवय नाही.

अशा माणसाने आयुष्यात एकच गोष्ट पोटात ठेवली. त्याबद्दल मी त्यांच्यावर अजून चिडलेली आहे, आणि त्यांची कीवही येते.

त्यांचा मुलगा कुलदीप फौजेत, गाड्या दुरुस्त करायच्या कामावर. सरहद्दीवर लढाई पेटली तेव्हा त्याने वडिलांना फोन केला. भगवंतराव शेतात होते. "बाबा, मी पार मांगं आहो, वर्कशॉपात. गोळीबार इथून लई दूर. पण कोणालेच सांगू नका. आता फोन बंद राहीन." बोलता बोलता तो होता त्या गावाचं नाव त्याच्या तोंडून निघून गेलं. ते मी इथे लिहीत नाही, कारण भगवंतरावांनी मला आजवर सांगितलेलं नाही.

घरी येऊन ते बायकोला, सिंधूताईंना, एवढंच म्हणाले, "कुलदीपचा फोन आलता. बरा हाये."

"कोठी हाये?"

"काय मालूम."

त्यांचाही हिशेब होता. सिंधूताईंची बहीण माणिकबाई अकोल्याला. दोघींचं रोज फोनवर बोलणं, आणि माणिकबाईंच्या कानावर पडलेलं संध्याकाळपर्यंत साऱ्या गोतावळ्याच्या मोबाईलवर. मुलगा सुरक्षित आहे एवढं जरी सांगितलं असतं, तरी बहिणीने विचारलंच असतं, तुले कसं माहीत? मग एकेक करून सगळं बाहेर आलं असतं.

सिंधूताई टीव्हीसमोर बसून राहायच्या. नकाशावर लाल ठिपका दिसला की मला म्हणायच्या, "वहिनी, तिथंच असन काय वो माहा कुलदीप?" मी काय सांगणार? भगवंतराव उठून अंगणात जायचे. चौकात लोकांनी खोदून खोदून विचारलं, एक पत्रकार माईक घेऊन दारात आला. आमचे भगवंतराव मुके! मला वाटलं, भीतीने वाचा गेली. मी त्यांच्यासाठी नवससुद्धा बोलले, मूर्ख मी.

सिंधूताईंचं जेवण सुटलं. एक दिवस स्वयंपाकघरात भोवळ येऊन पडल्या. आम्ही त्यांना अमरावतीला दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं. गुंगीत त्या मुलाचं नाव घेत होत्या आणि भगवंतराव त्यांचे पाय दाबत बसले होते. मी समोर होते. एकदा ते त्यांच्या कानाशी वाकले, ओठ हलले, आणि पुन्हा सरळ बसले. त्या क्षणाचं मला आजही वाईट वाटतं.

लढाई थांबली. सिंधूताई घरी आल्या आणि आठवडाभरात कुलदीपचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी तिथेच होते. त्या रडत सुटल्या. "कोठी होता रे तू? आमचा जीव गेला ना!"

तो हसला. "अवो आई, मी तं मांगं होतो, वर्कशॉपात. बाबाले सांगतलं होतं ना."

"काय सांगतलं होतं?"

"हेच. कोणाले सांगू नका म्हणलं, पण ते बाहेरच्या लोकायले. तुले बी नाही सांगतलं काय?"

फोन बंद झाल्यावर सिंधूताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "तुमाले मालूम होतं?"

भगवंतरावांनी होय म्हणून मान हलवली.

"दवाखान्यात बी?"

पुन्हा मान हलली. "सिंधू, माह्यासाठी नाही... पोराच्या जिवासाठी..."

"त्याच्या जिवाची मी वैरी होती काय?" त्या म्हणाल्या. "एवढा संसार केला, अन् मी बाहेरची."

मी चप्पल घालून निघून आले. तिथे माझं काम नव्हतं.

भांडण काही झालं नाही. झालं असतं तर बरं होतं. त्या त्यांना वेळेवर जेवायला वाढतात, बीपीची गोळी हातात देतात. फक्त काही विचारत नाहीत. परवा भगवंतराव पिशवी घेऊन दारात थांबले होते. "अकोल्याले जाऊन येतो," म्हणाले. मग आपणहूनच सांगत सुटले, कुणाकडे जातो, काय आणतो, कोणत्या गाडीने परत येतो. सगळं सांगून झालं तरी ते उभेच होते.

"बरं," सिंधूताई म्हणाल्या, आणि तांदूळ निवडत राहिल्या.