न पाहिलेल्या सासूची आमटी

शेवंते, मोहोळच्या स्टेशनाकडं जायला आबांनी गाडी जुंपली त्या सकाळी मी नेहमीसारखी चुलीकडं गेले, तर आयनं मला हाताला धरून उठवलं. "आज तू बस," ती म्हणाली. "तितं गेल्यावर जलमभर चुलीम्होरंच बसायचंय." तिनं कण्या शिजवल्या, वर ताक घातलं, आणि मी आपल्याच घरात पाहुणीसारखी भिंतीला टेकून जेवले. तू माझी धाकटी बहीण, माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होतीस. न्यायला आलेले माझे सासरे अंगणात उभे होते. आयनं त्यांना दोनदा जेवायला बोलावलं, दोन्ही वेळा त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. आयला वाटलं, पोरीच्या बापाकडचं चालत नसेल या शहरवाल्याला. खरं कारण मला फार पुढं कळलं.

ते सगळं तुला सांगायचं राहिलंय. मी बायकांच्या वर्गात अक्षर शिकले ते काही यासाठी नव्हे, पण आता लिहिता येतंय तर लिहिते. तू मास्तरांकडून वाचून घे. आणि आपल्या वाडीवरच्या ज्या पोरी लग्न होऊन बार्शीला गेल्या, पुण्याला गेल्या, त्यांनाही ऐकव. त्यांना यातलं थोडं आपलं वाटेल.

रेल्वेनं मोहोळ ते सोलापूर म्हणजे बसायला जागा मिळेपर्यंत उतरायची वेळ येते. पण खाली उतरले आणि मला कळलं, की आपलं शिवार लांब राहिलं. आभाळात गिरणीची चिमणी, तिचा धूर, आणि भोंगा. पहिल्यांदा भोंगा झाला तेव्हा मी दचकून मामंजींच्या मागं झाले होते. ते म्हणाले, "पाळी सुटली." एवढंच. वाटेत ते बोलले ते हे पहिलं वाक्य.

आमची खोली चाळीतली, पुढं हातभर पडवी. मामंजी आणि हे, दोघंही गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर. घरात बाई नाही. सासूबाई तापाच्या मोठ्या साथीत गेल्या होत्या. मी पदर खोचून चुलीकडं वळले, तर मामंजी आधीच बसले होते. त्यांनी काटक्या मोडल्या, फुंकणी उचलली आणि मागं न बघता म्हणाले, "तू बस."

रानात मेंढरांमागं गेलेला माणूस भाकरी थापतो हे आपल्याला नवं नाही. आबाही थापायचे. पण घरात सून असताना सासऱ्यानं चुलीपुढं बसावं, हे मी कुठं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आजचा दिवस. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या आधी उठले, चूल पेटवली. त्यांनी ती पेटलेली चूल पाहिली, बरं म्हणाले, आणि तिच्यापुढं जाऊन बसले.

ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, उखळात कुटलेली शेंगाची चटणी, कधी कांदा, कधी मेथी. रोज हेच. येसर म्हणजे धान्य आणि डाळ भाजून, मसाल्यासंगं जाडसर दळलेलं पीठ. बार्शीकडं घरोघर असतं. आपल्याकडं नव्हतं. ते पाण्यात कालवून आमटीला लावलं की आमटी दाट होते आणि तिला भाजका वास येतो. चव चांगली होती, शेवंते, खोटं कशाला बोलू. पण ते खाताना मला रोज वाटायचं, मी कुणाच्या तरी दारात येऊन जेवतेय.

सकाळचा भोंगा झाला की दोघं जायचे. मी नळावरून पाणी आणायची, धुणं धुवायची, दाणे निवडायची, भांडी राखेनं घासायची. एवढं करूनही दिवस संपायचा नाही. संध्याकाळचा भोंगा होईपर्यंत घासलेली भांडी मी परत एकदा घासायची. माहेरी चौदा माणसांच्या भाकऱ्या केलेले हात, ते नुसते मांडीवर पडून राहायचे.

नळावर बायका विचारायच्या, आज सासऱ्यानं काय रांधलं? आणि एकमेकींकडं बघून हसायच्या. एकीनं सरळ म्हटलं, की सुनेच्या हातचं नको असेल, तिच्या कुळातच काही असेल. मी कळशी अर्धीच भरून परत आले. शेजारची नरसव्वा तेवढी हसली नाही. ती विणकरांच्या घरातली, तेलुगू बोलणारी, मराठी मोडकंतोडकं. ती पडवीत येऊन मला विचारायची, "तिन्नावा?" म्हणजे जेवलीस का. मी हो म्हणायची. तिच्याशी माझं बोलणं पहिलं वर्षभर या एका शब्दापलीकडं गेलं नाही. पण दिवसभरात माझ्याशी कुणी बोललेला शब्द पुष्कळदा तेवढाच असायचा.

एक दिवस मी धीर केला. ते दोघं गिरणीत असताना ताकातल्या कण्या केल्या, आय करते तशा. आयचा हात कसा फिरतो ते आठवून आठवून केल्या. संध्याकाळी दोघांना वाढल्या. ह्यांनी एक घास घेतला आणि आपल्या बापाकडं पाहिलं. मामंजींनी चार घास खाल्ले. "बरं झालंय," म्हणाले. मग उठले, हात धुतले, चूल पुन्हा पेटवली आणि आमटी टाकली.

मी पडवीत जाऊन बसले. हे मागून आले. आमचं तोवर फारसं बोलणंच झालं नव्हतं. ते हळू आवाजात म्हणाले, मनाला लावून घेऊ नकोस. मग त्यांनी सांगितलं ते असं. सासूबाई तापात पडल्या तेव्हा घरात करणारं कुणी नव्हतं. त्यांनी अंथरुणावरून नवऱ्याला सांगायला सुरुवात केली, लसूण ठेचा, चिरू नका, आता येसर कालवा, आता थांबा. मामंजींना चहाही करता येत नव्हता. आठ दिवस त्या अंथरुणावरून बोलत होत्या आणि ते करत होते. नवव्या दिवशी आमटी झाली तेव्हा सांगणारी नव्हती. तेव्हापासून ते रोज तशीच करतात. दुसरीकडं जेवत नाहीत, लग्नाकार्यातही नाही.

"आयची चव हाय ती," हे म्हणाले. "ती दुसऱ्या हातात गेली तर ऱ्हाईल का, ह्याचं त्यांना भ्या वाटतं."

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. गेलेल्या बाईशी भांडायचं कसं? त्यानंतर मी चुलीकडं गेले नाही. भिंतीला टेकून बसायची आणि ते करताना बघायची.

अशी चार वर्षं गेली. मग त्यांच्या डोळ्यांत सारा यायला लागला. बाहुलीवर दुधासारखं काहीतरी धरलं. कापडात चुका यायला लागल्या, त्यांना साच्यावरून काढून झाडलोटीला लावलं, आणि पुढं तेही सुटलं. ते दिवसभर पडवीत बसायचे. पण चूल सोडली नाही. हातांना सगळं पाठ होतं.

मीठ मात्र पाठ राहिना. घातलं की नाही ते दिसायचं नाही, म्हणून पुन्हा घालायचे. एका संध्याकाळी आमटी इतकी खारट झाली, की ह्यांनी ताट बाजूला सारायला हात घातला. मी डोळ्यांनी नको म्हटलं. ह्यांनी ती आमटी पाण्यासारखी गिळली.

दुसऱ्या दिवसापासून मी एक करायला लागले. आमटी उतरवून मामंजी हात धुवायला पडवीत जायचे, तेवढ्यात मी चव बघायची. खारट असली तर आधणाचं पाणी आणि बाजूला काढून ठेवलेली शिजली डाळ घालून पुन्हा एक उकळी. डाळ मीच निवडून ठेवायची, म्हणजे खडा यायचा नाही. ते परत यायच्या आत मी भिंतीला टेकलेली असायची. त्यांना कळू नये एवढंच मला हवं होतं. दिवाळी गेली, संक्रांत गेली.

शिमग्याच्या सुमारास एकदा त्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले.

"पोरी, आमटीत पानी घातलंस."

मी म्हटलं, "व्हय."

"कवाधरनं घालतीस?"

"दिवाळीच्या आदुगरपासनं."

त्यांनी ताटातलं सगळं संपवलं, बोटं चाटली, उठले. मला रात्रभर वाटत राहिलं, की मी या माणसाचं शेवटचं काहीतरी हिसकावून घेतलं.

सकाळी पाहते, तर ते चुलीपुढं नाही, चुलीच्या कडेला बसलेले. समोरची जागा मोकळी. "बस," म्हणाले. "मी सांगतो तसं कर."

ज्या जागेसाठी मी इतकी वर्षं झुरले त्या जागी बसले, आणि फुंकणी उचलली.

ते ऐकून सांगायचे. दिसत नव्हतं ना. लसूण तेलात पडला की कान द्यायचे. "आता न्हाय. वास येऊ दे. आता." येसर सोडल्यावर म्हणायचे, "अजून बुडबुड मोठी हाय. बारीक हू दे." बोलताना कधीकधी त्यांचा आवाज निराळा व्हायचा, बाईमाणसासारखा ठेका यायचा त्याला. सासूबाईंनी जसं सांगितलं होतं तसंच, त्याच शब्दांत ते मला सांगत होते, हे माझ्या ध्यानात आलं. मी कधी न पाहिलेली बाई माझ्याशी बोलत होती.

आमटी झाली. मी वाढली. त्यांनी घास घेतला आणि म्हणाले, "न्हाय."

रागानं नाही. नुसतं, न्हाय. दुसऱ्या दिवशी तेच. सगळं त्यांच्या सांगण्यासारखं करायची, एक दाणा इकडंतिकडं नाही, तरी माझ्या हाताची चव निघायची, म्हणजे आपल्या आयच्या हाताची. उन्हाळा गेला, पंचमी गेली. रोज न्हाय. आणि रोज ते उपाशी माणसासारखे पूर्ण जेवायचे. मला कळत होतं, की मी रांधतेय तो प्रत्येक दिवस त्यांच्या जिभेवरून ती बाई थोडी थोडी पुसतोय. चूल मिळाली होती, घर मिळालं होतं. पण तेव्हाइतकी एकटी मी भिंतीला टेकून बसतानासुद्धा नव्हते. नरसव्वा विचारायची, तिन्नावा, आणि माझ्याच्यानं हो म्हणवायचं नाही. एकदा तिनं आपल्या घरची पुलुसू, म्हणजे चिंचेची आंबट आमटी, वाटीत आणून दिली, माझ्यासमोर बसली, आणि मी खाईपर्यंत उठली नाही.

मग एक दिवस, कुठला ते आठवत नाही. मला आबांच्या आजाराचा निरोप आला होता आणि यायला जमत नव्हतं. मी आमटी करत होते, पण चित्त तिथं नव्हतं. मामंजींनी काय सांगितलं तेही ऐकू आलं नाही. मनात नसतानाच हातांनी सगळं केलं. वाढलं. त्यांनी घास घेतला, चावला, आणि हात ताटात तसाच राहिला. मी वाट बघत होते, न्हाय म्हणतील.

"हां," ते म्हणाले.

मग ताट पुढं केलं. मी परत वाढली. त्या दिवशी त्यांनी तीनदा आमटी घेतली. त्यापुढं ती रोज तशीच व्हायला लागली. काय बदललं ते मला आजही सांगता येणार नाही. पुढं दोन वर्षांनी ते गेले, तेव्हा पोटभर जेवून गेले, एवढं मला समाधान आहे.

ते गेल्यावर आय माझ्याकडं आली, हे तुला ठाऊक आहे. आठ दिवस राहिली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती माझ्या घरी राहिली. मला काय करू आणि काय नको झालं होतं. मी हुलगे आणले, आणि आपल्याकडं थंडीत करतात तसं हुलग्याचं माडगं केलं. तिच्यासमोर वाटी ठेवली आणि तिच्या तोंडाकडं बघत बसले.

आयनं दोन घोट घेतले. म्हणाली, "चांगलं झालंय की." पण लेकीला म्हणतात तसं नाही म्हणाली. परक्या घरी जेवायला गेलं म्हणजे माणूस म्हणतं, तसं. मग थोड्या वेळानं विचारलं, "हे तुझ्या सासरकडं असं करत्यात व्हय?"

सासरकडं माडगं करतच नाहीत, शेवंते. ते मी तिचंच केलं होतं. तिच्याच हाताखाली शिकलेलं. मी व्हय म्हटलं.

तिला गाडीत बसवायला मी स्टेशनवर गेले. खिडकीशी उभी होते.  गाडी हलायच्या आधी आय म्हणाली, "तुझ्या सासूला मी बघितलं न्हाय. पन बाई चांगली असनार."

गाडी गेल्यावर मी स्टेशनातून पायी आले. नवी पेठेतून येताना दुकानांत गर्दी होती, कुणी ओळखीचं नव्हतं. हे पाळीला गेले होते. खोलीत कुणी नव्हतं. भूक नव्हती, तरी मी चूल पेटवली, आमटी केली आणि एकटीच जेवले. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं नाही, की कुणाच्या दारात जेवतेय. आता कुणी घर विचारलं की मी हीच खोली सांगते.

आय गेली त्याला आता वर्ष होईल. तिचा चेहरा आठवतो, आवाज आठवतो, कण्या ढवळताना वाजणाऱ्या बांगड्या आठवतात. कण्यांची चव आठवत नाही. करायला गेले की दुसरीच होते. तुझ्या हातात ती राहिली असेल तर जप. यंदा जत्रेला येईन. आल्या दिवशी कण्यांशिवाय दुसरं काही करू नकोस.