गुंडूची तीस पावलांची रेघ

गुंडू परबविषयी चार ओळी लिहाव्यात असं बरेच दिवस मनात आहे. मला लिहिणं जमत नाही. आयुष्यभर रेघाच ओढल्या. जमेल तसं सांगतो.

पंच्याऐंशी साली मी बहरीनला ड्राफ्ट्समन होतो. शहराच्या सांडपाण्यातला गाळ शुद्ध करून, वाळवून शेतांना खत म्हणून जायचा. तो नेणारा टिपर गुंडूचा. सावंतवाडीकडचा हा माणूस सलमाबादच्या कॅम्पात राहायचा. वासामुळे कॅम्पात त्याला आंघोळीला पहिला नंबर आणि जेवायला शेवटचा. "बायल हंय असती तर पडवीतच निजवल्यान असता," म्हणून तोच हसायचा.

खत कुठे टाकायचं याचा नकाशा होता. खजूर आणि गुरांचा चारा, तिथे हिरवा पट्टा. विहिरी, घरं आणि कच्ची खायची भाजी, तिथे लाल. मधली काळी रेघ माझ्या हातची. लाल पट्ट्यात खत पडलं तर ड्रायव्हरची सुट्टी रद्द, असं इंजिनियर चंद्रशेखर साहेबांनी सांगून ठेवलं होतं. गुंडूची सुट्टी गणपतीसाठी मंजूर झालेली. चार वर्षांनी तो घरचा गणपती बघणार होता.

नकाशाची प्रत त्याने टिपरमध्ये देवाच्या फोटोखाली चिकटवली. एकदा मला विचारलं, नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर केवढा? मी ऐटीत सांगितलं, पंचवीस मीटर.

मग हुसेनच्या शेतावरून तक्रार आली, खत लाल पट्ट्यात पडलं. साहेबांनी गुंडूला बोलावलं. तो आपणहून दाराबाहेरच उभा राहिला. साहेबांनी नकाशावर बोट ठेवून त्याला झाडायला सुरुवात केली.

"साहेबांनू, पलीकडे नाय टाकूक. रेघेर टाकलंय."

"रेघेवर? रेघेवर कसं टाकता येईल?"

"येता. तीस पावलां रुंद आसा ती. मी चलत मोजलंय."

ऑफिस हसलं. मी मान खाली घातली. बारीक पेन उन्हाळ्यात सुकून बसलं होतं आणि घाईत मी जाड पेनाने रेघ ओढली होती, चांगली मिलिमीटरभर. हे कोणालाच ठाऊक नव्हतं. साहेबांनी सुट्टीचा कागद पुढे ओढला.

"रेघ माझी आहे, साहेब," मी म्हणालो. "बारीक पेन सुकलं होतं."

साहेबांनी नकाशावर पट्टी ठेवली. रेघ खरंच तेवढी भरली. मग म्हणाले, विहिरीपासून टेपने मोजा.

दुसऱ्या दिवशी साहेब काचा बंद करून त्यांच्या गाडीतून आले. मला टिपरमध्ये बसावं लागलं. नियमाप्रमाणे विहिरीपासून पन्नास मीटर सोडायचे होते. खताचा ढीग चौपन्न मीटरवर निघाला. गुंडूने तिथल्या तिथे पन्नासाव्या मीटरवर दगड मांडून त्यांना चुना फासला आणि हद्दीवर नारळ फोडला. हे काय, असं हुसेनने विचारल्यावर दगडांकडे बोट करून म्हणाला, "खलास." हुसेनने नारळ कपाळाला लावला नाही, पण दोन्ही वाट्या घरी बायकोकडे, आमिनाकडे पाठवल्या.

पुढचा नकाशा त्या दगडांवरूनच काढला.

गुंडू गणपतीहून परतला तो माझ्यासाठी कागदाची पुडी घेऊन. आत कुडाळच्या बाजारातली निब होती, शाळेतल्या टाकाची.

"बारीक आसा," तो म्हणाला.

माझ्या कुठल्याच पेनात ती बसली नाही. अजून आहे.