केस्ट्रेलच्या खालोखाल

१६ मार्च २०२४, शनिवार. त्या दिवशी लेलंड कांगसने वॉरन हिर्कासच्या दुकानात सतरा हजार नऊशे सेहेचाळीस डॉलर वीस सेंटचा चेक लिहून दिला. बाहेर खिडकीच्या कडेपर्यंत बर्फ होता आणि गाडी मिळणार होती नोव्हेंबरात. ऑटर फोर्क गावात नवी बर्फगाडी, म्हणजे स्नोमोबाइल, अशीच घेतात. हिवाळा सरता सरता नाव नोंदवायचे, पाचशे डॉलर अनामत ठेवायची आणि पुढच्या बर्फाची वाट बघायची. लेलंडही दरवेळी पाचशेच ठेवत असे. या वेळी वॉरन म्हणाला, "सगळे आत्ताच भर. चारशे सोडतो तुला. बाहेर कुणाला बोलू नकोस."

लेलंड बोलला नाही. पैसे वडिलांच्या चाळीस एकरांतली मेपलची झाडे विकून आले होते. त्याची बायको आयलीन हिने एवढेच विचारले, "वॉरननं पावती दिली ना?" लेलंड हसला. वॉरनकडून पावती मागायची वेळ त्याच्यावर सव्वीस वर्षांत आली नव्हती.

लेलंड त्या वेळी बासष्ट वर्षांचा होता. एकतीस वर्षे त्याने काउंटीचा बर्फ हटवणारा ट्रक चालवला. पहाटे तीनला उठायचे, शाळेची बस निघायच्या आत तिचा रस्ता मोकळा करायचा, आणि दुपारी घरी येऊन आपली बर्फगाडी काढायची. दिवसभर ज्या बर्फाशी झगडायचे त्याच बर्फावर संध्याकाळी मजेत हिंडायचे, याचे त्याला कधी नवल वाटले नाही. त्याची गाडी कायम केस्ट्रेल. त्याच्या वडिलांची, ऐनोंची, पहिली गाडीही केस्ट्रेलच होती. एका वर्षी रस्ता बंद झाला तेव्हा त्या नारिंगी गाडीवरून ऐनोंनी अकरा दिवस गावाला दूध आणि पाव पोचवले होते. कंपनीने त्याबद्दल एक टोपी पाठवली. ती टोपी घालूनच ऐनोंना पुरले.

गावात तीन कंपन्यांच्या गाड्या. केस्ट्रेल, हॅल्वर्ड आणि लूमिस. माणूस कोणत्या चर्चला जातो हे एकवेळ माहीत नसेल, पण तो कोणती गाडी चालवतो हे सगळ्यांना माहीत. पूर्वी यावरून दारूच्या गुत्त्यात दात पडले आहेत. म्हणून बर्फगाडीवाल्यांच्या क्लबच्या जुन्या मंडळींनी एक नियम घातला. हंगामात बर्फगाड्यांच्या वाटा उघडायच्या आदल्या दिवशी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दुपारचे जेवण असते. तिथे प्रत्येकाने उठून आपली गाडी सांगायची. मग आपली कंपनी जगात नसती तर कोणती घेतली असती तेही सांगायचे, आणि त्या दुसरीचा एक खरा गुण सांगायचा. नुसते "बरी आहे" म्हटलेले चालत नाही. चिटणीस ते वहीत लिहून घेतो. ज्याने दुसऱ्याच्या गाडीचा गुण चारचौघांत कबूल केला, तो तिच्यावरून मारामारी करायला जरा कचरतो, असा त्यामागचा हिशोब.

या वहीत दरवर्षी दोनच माणसांची नोंद वेगळी असे. लेलंड उठे, "केस्ट्रेल. खालोखाल काही नाही." मागोमाग वॉरन, "केस्ट्रेल. लेलंडसारखंच." लोक टेबलावर चमचे वाजवत.

ऑक्टोबरात बातमी आली. केस्ट्रेल कंपनी बर्फगाड्या बनवणे बंद करणार. याच हंगामातल्या गाड्या शेवटच्या. लेलंडने ती बातमी स्वयंपाकघरात उभ्यानेच दोनदा वाचली आणि लगेच वॉरनच्या दुकानात गेला. आपल्या जवळजवळ अठरा हजारांची काळजी त्याला नंतर वाटली. आधी वाटले ते वॉरनबद्दल. अख्खे दुकान केस्ट्रेलवर उभे होते. वॉरन काउंटरमागे मान खाली घालून बसला होता. लेलंड त्याच्या शेजारी स्टुलावर बसला आणि म्हणाला, "फसवलं रे आपल्याला."

"फसवलं," वॉरन म्हणाला.

दोघांनी कॉफी घेतली. लेलंडने त्याला धीर दिला. निघताना वॉरनने त्याचा खांदा दाबला.

नोव्हेंबरात गाडी आली. सुंदर होती. पण तोवर नव्या कोऱ्या केस्ट्रेलला नऊ हजारांच्या वर कोणी मागत नव्हते. लेलंडने ती विकायचा विचारही केला नाही. या साली जेवणाला उठून काय बोलायचे, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे होता. जी कंपनी आपल्याला सोडून गेली तिचे नाव पहिले घ्यायचे की नाही? आणि दुसरे घ्यायचे तर कोणाचे? त्याने ठरवले, वॉरन काय म्हणतो ते बघू. दोघांचे एकच असेल.

३० नोव्हेंबरला हॉल भरला होता. पास्टी, म्हणजे मांस-बटाट्याच्या भाजलेल्या करंज्या, आणि कोबीची कोशिंबीर संपल्यावर बोलणे सुरू झाले. या वेळी आधी वॉरन उठला.

"केस्ट्रेल होती," तो म्हणाला. "खालोखाल हॅल्वर्ड. गुण म्हणजे खोल बर्फात नाक वर ठेवते. सोमवारपासून दुकानात बघायला मिळतील."

मग लोर्ना पेल्टो मोठ्याने हसली. लोर्ना शाळेची बस चालवते, लूमिसवाली आहे, आणि तिच्या तोंडाला कुलूप नाही.

"अरे वा! फेब्रुवारीपासून पाठ केलेलं वाक्य, एकदाचं म्हटलंस!"

"फेब्रुवारी?" लेलंडने विचारले.

लोर्नाने त्याच्याकडे पाहिले आणि तिचे हसू गेले. "तुला माहीत नाही? कंपनीचं पत्र सगळ्या दुकानदारांना फेब्रुवारीतच आलं होतं. माझ्या भावालाही, व्हर्नला. गुपित ठेवा म्हणून. मला परवा कळलं. ज्या दुकानातून बारा गाड्यांची आगाऊ नोंद येईल त्याचा पडून राहिलेला माल कंपनी पूर्ण किमतीला परत घेणार, असं होतं त्यात. व्हर्न म्हणाला मला नाही जमणार, गिऱ्हाइकांना काय तोंड दाखवू? त्यानं नोंदच घेतली नाही कुणाची."

लेलंड वॉरनकडे वळला. "तुझ्या किती झाल्या?"

"लेलंड, हे इथे नको."

"किती?"

"बारा."

"मी कितवा?"

वॉरनने रुमालाने तोंड पुसले. "बारावा. अरे, मुदत संपत आली होती. एक कमी पडत होती. माल परत गेला नसता तर दुकान बँकेनं घेतलं असतं. गाडी चांगली आहे. सुटे भाग पाच वर्षं मिळतील, मी स्वतः बघेन."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर घेतली असतीस?"

"नाही."

"मग?" वॉरन म्हणाला. त्याला खरेच वाटत होते की हे उत्तर झाले.

चिटणिसाने खाकरून विचारले, "लेलंड, तुझं काय लिहू?"

"माझी ओळ कोरी ठेव," लेलंड म्हणाला आणि कोट घेऊन बाहेर पडला. कंपनीने सोडले ते त्याने गिळले होते. पण ऑक्टोबरात आपण त्या स्टुलावर बसून कोणाला धीर देत होतो, हे त्याला घरी पोचेपर्यंत उमजत राहिले. पोचल्यावर तो आयलीनला एवढेच म्हणाला, "पावती मागायला हवी होती." तिने त्याचे ताट झाकून ठेवले.

त्यानंतर तो वॉरनच्या दुकानाची पायरी चढला नाही. त्यामुळे एक गोष्ट राहून गेली. बर्फगाडीत इंजिनाचा जोर आतल्या एका रबरी पट्ट्यातून पुढे पोचतो. तो तुटला की गाडी जागच्या जागी बसते, म्हणून प्रत्येक जण दुसरा पट्टा जवळ ठेवतो. नव्या केस्ट्रेलचा पट्टा फक्त वॉरनकडे मिळत होता. लेलंडने तो घेतलाच नाही. एकतीस वर्षांत सुट्या पट्ट्याशिवाय तो घराबाहेर पडला नव्हता.

१४ डिसेंबरला तो निघाला. वॉरनच्या टोळक्यात सव्वीस वर्षे त्याची जागा शेवटची असे. मागे कोणी राहिले तर बघायला. त्या दिवशी तो एकटाच गेला. पाइक तळ्याच्या अलीकडे फाट्यावर पट्टा तुटला. झाकण उघडले तर आत नुसते काळे धागे.

अर्ध्या तासाने लोर्ना आली. तिच्याबरोबर तिच्या दोघी मैत्रिणी, तिघी लूमिसवर.

"काय रे, फोटो काढायला थांबलास?"

"पट्टा गेला."

"सुटा?"

"नाही."

लोर्नाने कपाळाला हात लावला. "कांगसकडे सुटा पट्टा नाही! हे मी कुणाला सांगितलं तर मलाच खोटी म्हणतील. आणि आमचा तुला बसणार नाही."

ती दोरी काढत होती तेवढ्यात वॉरनचे टोळके आले. पुढे वॉरन, नव्या पिवळ्या हॅल्वर्डवर. तो उतरला, काही न विचारता पिशवीतून केस्ट्रेलचा पट्टा काढला आणि लेलंडच्या हँडलला अडकवला.

"तुझ्यासाठीच ठेवलाय. वाटलंच होतं, तू घ्यायला येणार नाहीस."

पट्टा नवा होता, कागदी पट्टीसकट. दहा मिनिटांचे काम. लेलंडचे हात सवयीने झाकणाकडे गेले. मग त्याने पट्टा काढला आणि वॉरनपुढे धरला.

"घेऊन जा."

"लेका, हट्ट करू नकोस. सव्वीस वर्षं एकमेकांना पट्टे दिलेत आपण."

"तेव्हा मी तुझ्या मागे चालायचो. बारावा नव्हतो."

"त्यात काय एवढं? तुझे पैसे मी खाल्ले नाहीत. गाडी दिली तुला."

"वॉरन, तू माझ्याशेजारी बसून कॉफी प्यायलास. फसवलं म्हणालास."

वॉरनने पट्टा घेतला नाही. तो गाडीवर बसला आणि निघून गेला. त्याच्या मागे बाकीचे गेले. जाताना दोघांनी लेलंडकडे बघून हात केला, बाकीच्यांनी नाही. लेलंडने पट्टा फाट्यावरच्या पाटीच्या खांबाला अडकवला, पुढे कोणा केस्ट्रेलवाल्याच्या उपयोगी पडेल म्हणून, आणि लोर्नाच्या दोरीचे टोक आपल्या गाडीला बांधले.

अकरा मैल तो असा ओढला गेला. दुसऱ्या कंपनीच्या गाडीमागे दोरीला बांधून येणे म्हणजे काय, हे त्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. समोरून येणारे वेग कमी करून बघत. लोर्ना मागे वळून बघत नव्हती, पण चढावर दोरी ढिली पडू देत नव्हती आणि उतारावर त्याची गाडी तिच्यावर आदळू देत नव्हती. हे जमायला मुरलेला हात लागतो.

टोलनाक्याजवळच्या पेट्रोल पंपावर ते थांबले. लोर्नाने दोन पास्टी आणि कॉफी घेतली. लेलंडने खिसे चाचपले. पाकीट घरी ट्रकमध्ये राहिले होते.

"राहू दे," लोर्ना म्हणाली. "क्लबची वही सध्या माझ्याकडे आहे. तुझी ओळ अजून कोरी आहे. यंदाच्या यंदा भरायला हवी."

लेलंडने पास्टी संपवली. खिडकीतून त्याची नारिंगी गाडी दिसत होती. दोरी अजून तिला बांधलेली होती.

"लूमिस लिही," तो म्हणाला.

"आणि पहिली?"

"पहिली केस्ट्रेल. त्या गाडीनं काही केलेलं नाही."

"लूमिसचा गुण?"

"धक्के न देता ओढते."

लोर्नाने टिश्यूच्या कागदावर ते लिहून घेतले. "ते मी चालवते म्हणून," ती म्हणाली, "पण लिहिते तसंच."

आयलीन संध्याकाळी पाचच्या आत पंपावर ट्रक घेऊन आली आणि गाडी घरी गेली. पट्टा शेवटी त्याने कॅनडातून मागवला, वीस दिवस लागले. वॉरनकडे तो पुन्हा गेला नाही. लोर्नाला पास्टी आणि कॉफीचे अकरा डॉलर चाळीस सेंट त्याने अजून दिलेले नाहीत.