न आणलेली मासोळी

कापसाला भाव नाही आणि बोंडात अळी, अशा त्या बरसात आमच्या घरात पथ्यपाण्याची अक्कल शिकवायचे ते आमचे जावई. मी चौथी शिकलेला माणूस. त्यांचं पांढरकवड्याला फवारणीच्या औषधांचं दुकान. कोणत्या डब्यावर कोणत्या रंगाची खूण, आतलं औषध किती जहरी, हे त्यांना पाठ.

त्याच बरसात बायको अंथरुणाला लागली. पोटाचा आजार. डाक्टरनं फोटो पाहिले, चष्मा पुसला आणि म्हणाला, जे मागतील ते खाऊ घाला. याचा अर्थ आमच्याकडं लहान पोरालाही समजते. मी मात्र न समजल्यासारखं करून औषधाची चिठ्ठी मागितली.

तिचं माहेर फुलसावंगीकडचं, पैनगंगेच्या पट्ट्यातलं. मासोळीवर वाढलेली, आणि पडली आमच्या वांग्या-तुरीच्या घरात. एक दिवस भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "मले मासोळीचा रस्सा खाऊ वाटून राह्यला."

जावई तेव्हा तिला पाहायला आले होते. पेपरात त्यांनी वाचलं होतं की विकायच्या मासोळीत पारा निघते, तो अंगात साचत जाते, डोकं आणि नसा खराब करते. म्हणाले, "मामाजी, बाजारची मासोळी म्हणजे जहर. मामींना देऊ नका." जहराच्या बाबतीत त्यांचा शब्द मी कसा मोडावा? दिवसभर तेच तर विकत होते.

तरी बाजाराच्या दिवशी गेलो. आंध्राकडून बर्फाच्या खोक्यात आलेली मासोळी मांडून एक बाई बसली होती. मी विचारलं, "बाई, याच्यात पारा हाये का?"

"काटा हाये, बाबाजी," ती म्हणाली. "पारा पाह्यजे तर सोनाराकडं जा."

आजूबाजूचे हसले. मी वांगे घेऊन घरी आलो.

बायकोला सांगितलं, मासोळीत पारा असते, दहा-वीस बरसांनी बाधते. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग हसली.

"मंग बरंच हाये. कीड तरी नाही लागणार मले."

मला वाटलं तापात बरळते. रागावलो. म्हटलं, आधी बरी हो, मग तुझ्या माहेरच्या नदीची ताजी आणतो. दहा-वीस बरसांच्या जहरापासून मी तिला वाचवून राह्यलो होतो. तिच्याजवळ अकरा दिवस होते.

तेरवीच्या आदल्या दिवशी कणगी पार तळापर्यंत गेली. शेवटची ज्वारी काढायला हात घातला तर फडक्याची एक गाठ लागली. सोडली. आत राख, आणि राखेत चकाकणारे पाऱ्याचे बारीक मणी. पोरीला दाखवलं तर ती म्हणाली, आई दरसाल सोनाराकडून आणे, राखेत मळून टाके, म्हणजे धान्याला कीड लागत नाही, आजीनं शिकवलेलं. चाळीस बरसं मी तीच ज्वारी खाल्ली. कीड कधी लागली नाही, आणि काहून लागत नाही हेही मी कधी विचारलं नाही.

जावई तेव्हा जेवत होते, दुसरी भाकर हातात. ती तशीच धरून ते पेपर आठवू लागले. मग हळूच म्हणाले, "मामाजी, तसं त्यात समुद्राच्या मोठ्या मासोळीचं होतं. आपल्या बाजारात येते ती तर तळ्यातली."

मी म्हटलं, "जेवा तुम्ही."

पुढच्या बाजारी पाव किलो घेतली. बाईनं मला ओळखलं, आणि वरून एक मासोळी जास्तीची टाकली. डोक्याकडं पाहून समजली असेल, केस अजून पुरते उगवले नव्हते. मासोळीच्या रश्शात काय काय पडते हे विचारायला घरी कोणी नव्हतं. तिखट कमी पडलं, मीठ जास्त झालं, तळाला लागली. काटे काढत सगळी खाल्ली.

त्याला आता सहा बरसं झाली. मला काहीच झालं नाही.