वेडावलेल्या किमचीचे दिवस

माल-सुक यांच्या मागील दारी, उत्तरेच्या भिंतीलगत, एक मोठा रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला आहे. तेथे ऊन पोहोचत नाही. आपल्या खानावळीची किमची, म्हणजे तिखटमिठात मुरवलेला कोबी, एकेचाळीस हिवाळे त्यांनी याच जागी आंबवली, आणि रांजण कोणत्या दिवशी उघडायचा हेही त्यांच्याच जिभेने ठरवले. आमच्या डोंगरातल्या गावात हाडांचा रस्सा तीन ठिकाणी मिळतो. त्यांच्याकडे लोक जातात ते किमचीसाठी.

गेल्या शरदातल्या तापानंतर त्यांची चव गेली. सून हे-रान हिलाही त्यांनी हे सांगितले नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोबी मिठात घालताना काही अडले नाही; पांढरा देठ वाकवावा, तो मोडला नाही म्हणजे मीठ मुरले, एवढे बोटांना कळत होते. अडचण पुढची होती. यंदा डिसेंबर सरत आला तरी माती गोठली नव्हती. गार मातीत किमची सावकाश आंबते, तिचा आंबटपणा स्वच्छ राहतो, पान करकरीत राहते. उबेत ती घाई करते आणि मऊ पडते. म्हणजे नेहमीचे चाळीस दिवस मोजून भागणार नव्हते. चाखणे भाग होते.

ताजेपणा सरलेला आणि मुरणे अद्याप दूर, अशा मधल्या दिवसांत किमचीला कडवट, विस्कटलेली चव येते. 'ती वेडी झाली' असे आमच्याकडे म्हणतात. त्या दिवसांत झाकणाला हात लावायचा नाही, हा माल-सुक यांचाच दंडक, आणि तो त्यांनीच मोडला. दुपारी हे-रान बाजारात गेली की त्या झाकण काढीत, दाबाचा दगड बाजूला ठेवीत आणि एक पान तोंडात धरून बसत. जिभेला काही कळत नसे. उद्या कळेल, असे वाटे.

नववर्षाच्या आठवड्यात हे-रानने रांजण उघडला. वर पांढरी साय धरली होती, हवा लागली की धरते तशी.

"आई, झाकण कोण काढतंय?"

"मांजर."

"दगड उचलून परत जागेवर ठेवणारं? मग त्याला भांडी घासायलाच ठेवू."

माल-सुक हसल्या नाहीत. त्या पायरीवर बसल्या. "मला चव लागत नाही गं. तापापासून."

हे-रानने हातातला दगड खाली ठेवला. "म्हणून माझा रस्सा तुम्ही तीन महिने नावं न ठेवता प्यायलात होय! मला वाटलं, मी सुधारले."

"वरचे थर काढून टाक. हवा तिथवरच पोचली असेल. खालचं पान चाख."

"वेडीच आहे."

"ते ठाऊक आहे. आंबट टोचतं, की गालात पसरतं?"

"टोचतं. मागून कडू."

"मग नाही अजून. दाबून बसव, पाणी वर येऊ दे. बाहेरची जाड पानं अंथर, दगड ठेव. आणि मला इथून हाकल."

"सासूला कशी हाकलू?"

"एकेचाळीस वर्षं कुणी हाकललं नाही, म्हणून तर दमले."

आठ दिवस रांजणाला कोणी हात लावला नाही. नवव्या दिवशी हे-रानने एक पान काढले.

"आई, आता पसरतं. कडूही गेलं. उघडू?"

"मला काय विचारतेस? तुझ्या जिभेला विचार."

हे-रानने आणखी एक पान चाखले. मग तिने वाडगा भरला आणि आत नेला.

तीस वर्षे दारालगतच्या त्याच खुर्चीवर बसणारे निवृत्त पोस्टमन बांग यांनी पहिला घास घेतला. "ताई, हाताला चव आहे हो अजून!"

"हात असेल माझा. जीभ सुनेची."

"मग तिला जरा आमच्याकडे पाठवा. आमच्या सूनबाईंना दोन्हीही नाहीत."

माल-सुक यांनी एक तुकडा तोंडात घातला. चव आली नाही. मात्र दाढेखालची करकर कानापर्यंत स्पष्ट पोहोचली. खालची किमची मऊ पडली नव्हती. त्यांनी तो तुकडा बराच वेळ चावला. नंतर एप्रन सोडून खुंटीला अडकवला आणि भर दुपारी, गिऱ्हाइके बसलेली असताना, त्या आतल्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या. रांजणाचे झाकण नीट बसले आहे की नाही, हे त्यांनी पाहिले नाही.