अकोल्याचे भाऊजी आणि चारही चाकं ओढणारी गाडी

रेवा आणि ओजस,

डिसेंबरमध्ये तुम्ही नागपूरला उतराल तेव्हा मागच्या खेपेसारखेच अकोल्याचे आजोबा विमानतळावर घ्यायला आलेले असतील. त्यांची ती छोटी करडी गाडीही असेल. पण ते स्टिअरिंगवर नसतील, डावीकडच्या सीटवर बसलेले असतील. तुम्ही दोघं डिकीत सामान ठेवता ठेवताच "आजोबा, तुम्ही का नाही चालवत?" असं विचाराल, कारण तुम्हाला प्रश्न पोटात ठेवता येत नाहीत. तो प्रश्न तिथे विचारला जाऊ नये म्हणून हे आत्ताच लिहून पाठवते आहे. नीट बसून वाचा.

अकोल्याचे आजोबा म्हणजे तुमच्या आजोबांचे मावसभाऊ. मी त्यांना भाऊजी म्हणते. उभ्या वऱ्हाडात गाडीबरोबर मिळणारं जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला माणूस एकच आहे, आणि तो म्हणजे हे भाऊजी. त्यांनी आयुष्यभर डाळ मिल चालवली, आणि कोणतंही यंत्र त्याचं पुस्तक वाचल्याशिवाय सुरू करायचं नाही हा त्यांचा नियम. घरात नवा मिक्सर आला तेव्हा माझ्या जाऊबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, चार दिवस चटणी पाट्यावरच वाटली, कारण पुस्तक भाऊजींच्या हातात होतं आणि ते अजून निम्म्यावरच होते. मग ही गाडी आली. छोटी, पण भारीतली, परदेशी बनावटीची, चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी. शोरूमचा माणूस ती दारात लावून गेला आणि ती तिथेच उभी राहिली. पुस्तक इंग्रजीत होतं. भाऊजी रोज दुपारी चारला मला अमरावतीला फोन करत. "वहिनी, तुमी जनमभर इंग्रजी शिकवली. हे वाक्य ऐका अन् अर्थ सांगा." मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं हे खरं, पण टॉर्क आणि डिफरन्शियल हे शब्द आमच्या एकाही धड्यात नव्हते. ते मी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी शिकले. एक वाक्य मात्र त्या पुस्तकात सारखं यायचं: ही सर्व साधनं चालकाच्या मदतीसाठी आहेत, जबाबदारी चालकाचीच. ते आलं की भाऊजी म्हणत, "हे झालं मांगं. पुढं चला." पावणेदोन महिन्यांनी पुस्तक संपलं, तेव्हा कुठे त्यांनी बटण दाबून गाडी सुरू केली.

त्यानंतर जो भेटेल त्याला ते चार चाकांचं महत्त्व समजावून सांगू लागले. दूधवाल्याला, बँकेतल्या मॅनेजरला, लग्नात शेजारच्या पाटावर बसलेल्या अनोळखी माणसाला. "दोन बैलाचं वखर अन् चार बैलाचं वखर, फरक हाय का नाई? हे चार बैलाचं हाय." गाडी स्वतःच ठरवते की कोणत्या चाकाला किती जोर द्यायचा, हे सांगताना त्यांचा आवाज हळू होई, जणू घरातली गोष्ट बाहेर सांगताहेत. जाऊबाईंचं मत वेगळं होतं. त्या मला म्हणाल्या, "चारही चाकं वढतात म्हन्ते, पन मांगं तिसरी बाई बसवून दाखवा म्हना." त्यांचं खरं होतं. मागे दोघी नीट बसतात. तिसरी बसली की तिघींनाही एकाच वेळी श्वास घेता येत नाही.

गाडीत एक गोल बटण आहे. ते फिरवलं की गाडीचा स्वभाव बदलतो: कधी शांत, कधी चपळ, कधी काटकसरी. त्यात एक खूण बर्फाची आहे. अकोल्यात मे महिन्यात डांबर पायाला चिकटतं, हे तुम्हाला तुमच्या वडिलांनी सांगितलं असेल. भाऊजी दर रविवारी सकाळी, मे असो की जून, गाडी बर्फाच्या खुणेवर टाकून नेहरू पार्कपर्यंत जाऊन यायचे. का, असं मी विचारलं. "मशीनचा जो भाग चालवला नाई थो जाम होते, वहिनी." ती गाडी सबंध उन्हाळा बर्फासाठी तयार होती.

डिकीची गंमत अशी की हात भरलेले असले तर मागच्या बंपरखाली पाय हलवायचा, की ती आपोआप उघडते. भाऊजींनी पहिल्या दिवशी पाय हलवला, डिकी उघडली, आणि त्यांनी लगेच वाकून गाडीला हात लावून तो कपाळाला लावला. गाडीला पाय लागला होता ना. पुढे ते रोज तसंच करत: आधी लाथ, मग नमस्कार. भाजीबाजारात लोक थांबून पाहत. शेवटी त्यांनी पिशव्या खाली ठेवून हातानेच डिकी उघडायला सुरुवात केली. "सोय चांगली हाय, पन आपल्या कामाची नाई," ते म्हणाले.

गरम होणाऱ्या सीटचं मात्र सोनं झालं. जानेवारीत जाऊबाईंची कंबर धरली. भाऊजींनी त्यांना अंगणात उभ्या गाडीत बसवून सीट दुसऱ्या नंबरवर गरम केली. अर्ध्या तासात आराम पडला. ही बातमी भजनी मंडळात गेली आणि आठवडाभर त्यांच्या दारात बायकांची रांग लागली. प्रत्येकीला दहा मिनिटं. भाऊजी बाहेर घड्याळ धरून उभे. एक आजीबाई आतून म्हणाल्या, "दवाखान्यातल्या शेकापेक्षा हे बरं हाय माय. अठी गानं बी लागते."

एक फजितीही सांगते. भातकुलीला त्यांच्या ओळखीच्या शेतकऱ्याचं शेत आहे. पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीतून बैलगाडीसुद्धा कोणी नेत नाही. भाऊजींनी ही गाडी नेली. पन्नास पावलांवर चाकांना मातीचे लाडू बसले, आणि गाडी जागच्या जागी, अगदी ऐटीत, चारही चाकं फिरवत उभी राहिली. शेतकऱ्याने ट्रॅक्टर आणला आणि दोर बांधताना म्हणाला, "शेठ, हे रोडची पोरगी हाय. इले वावर नाई समजत." भाऊजी गुडघाभर चिखलात उभे राहून म्हणाले, "चारही चाकं सारखी फिरली, हे तर मान्य कर."

असं हसत-खेळत वर्ष गेलं. मग गाडीचा डावीकडचा आरसा तुटला. नवा बसवला, तोही तुटला. डाव्या दारावर ओरखडे दिसू लागले. भाऊजी म्हणत, लोक गाड्या नीट लावत नाहीत. त्यांच्या मुलाने बंगळुरूहून मला फोन केला. तो मला मोठी आई म्हणतो. "मोठी आई, तुम्ही एकदा बाबांसोबत बसा आणि खरं काय ते मला सांगा. त्यांना जमत नसेल तर मी गाडी काढून टाकतो. तुमच्या शब्दापुढे ते बोलणार नाहीत." मी हो म्हटलं. नंतर वाटलं की नाही म्हणायला हवं होतं. भाऊजींची डाळ मिल मुलाने केव्हाच दुसऱ्याला चालवायला दिली होती. गाडी गेली तर त्यांच्याकडे सुरू करायला काही उरणार नव्हतं.

मी रेल्वेने अकोल्याला गेले, दोन दिवस राहिले आणि भाऊजींनी मला अमरावतीला सोडायचं ठरलं. सकाळी आठला निघालो. मी पुढे बसले आणि पर्समधून वही काढली. रकाने आधीच आखले होते: वेग, इंडिकेटर, आरसा, ओव्हरटेक.

"वहिनी, परीक्षा घेऊन राहिल्या काय?"

"हो."

"पोट्ट्यानं सांगतलं?"

"हो."

"मंग लिहा. बेल्ट लावला, पहिला मुद्दा."

बोरगाव मंजू गेलं, ट्रॉल्या गेल्या, एक बस गेली. माझ्या प्रत्येक रकान्यात बरोबरच्या खुणा होत होत्या. त्यांचा हात हलका होता, घाई नव्हती, पुढच्या गाडीपासून अंतर सुटत नव्हतं. मला मनातून बरं वाटू लागलं होतं. मूर्तिजापूरला चहा घ्यायचा म्हणून आम्ही हायवे सोडून गावात शिरलो. वेग फार नव्हता. डावीकडून डोक्यावर कडब्याचा भारा घेतलेली एक बाई रस्ता ओलांडायला निघाली. मला ती दुरूनच दिसत होती, म्हणून मी काही बोलले नाही. भाऊजींनाही दिसली असणार असं मी धरून चालले होते. स्टिअरिंगमागच्या पडद्यावर लाल दिवा चमकला, माझा पट्टा छातीवर आवळला गेला आणि गाडी गपकन थांबली. बाईपासून हातभर अंतरावर.

बाईने भारा सावरला आणि वाकून काचेतून पाहिलं. "काहो बुवा, दिसत नाई काय?" असं म्हणून ती गेली.

"मीच मारला ब्रेक," भाऊजी म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांचा चपलेतला पाय मला दिसत होता. तो ब्रेकवर नव्हता.

चहाच्या टपरीसमोर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. आम्ही बसलो. मी वही उघडली नाही.

"भाऊजी, ती बाई तुम्हाला दिसली होती?"

"दिसली ना. गाडी थांबल्यावर."

मग त्यांनी सांगितलं. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांचं बाजूचं दिसणं कमी झालं होतं, डाव्याचं जास्त. गाडी घ्यायच्या तीन महिने आधी डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं. जाऊबाईंना माहीत नव्हतं, मुलाला माहीत नव्हतं.

"सगळे म्हनत, घ्यायचीच तर मोठी घे. मी चार गाड्यांचे कागद मांगवले, वहिनी. जिले चोहीकडून दिसते, थे घेतली. मले कमी दिसते, तर तिले जास्त दिसावं."

वर्षभर हा माणूस सगळ्यांना चार चाकांचं सांगत होता, आणि गाडी घेतली होती तिच्या कॅमेऱ्यांसाठी, कोणी आडवं आलं की स्वतःच ब्रेक लावणाऱ्या.

"डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली होती?"

"थे मी नाई इचारलं."

चहा आला. ते कप हातात धरून बसले. "म्हना आता थे पुस्तकातलं वाक्य," ते म्हणाले. मग ते त्यांनीच म्हटलं, इंग्रजीत, एकही शब्द न चुकता. आम्ही शाळेत असतो तर मी त्यांना पूर्ण गुण दिले असते.

मी म्हटलं, "मी तुमच्या मुलाला खोटं सांगणार नाही. पण तुम्ही स्वतः सांगितलंत, तर मला सांगायला काही उरणार नाही."

"आज?"

"ती बाई आज होती, भाऊजी."

ते उठले आणि फोन घेऊन कडुनिंबाखाली गेले. बराच वेळ पाठमोरे उभे होते. परत आले ते किल्ली माझ्या वहीवर ठेवून म्हणाले, "अमरावतीपरेंत तुमी चालवा. पन माया सांगण्यापरमाने."

माझं लायसन्स अजून चालू आहे. माझी छोटी गाडी मी रोज भाजीला नेते. पण ही निराळी होती. दार लावलं की बाहेरचं जग बाहेर राहतं. पाय नुसता टेकवला तरी ती निघते, म्हणून पहिली दहा मिनिटं मी घाबरून होते. वळणावर ती झुकत नाही, रस्ता पकडून राहते. खड्ड्यात मात्र जरा कडक आहे, कंबरेला कळतं. मी रस्त्यावरच्या पांढऱ्या रेषेजवळ गेले की स्टिअरिंग माझ्या हातात आपोआप हलकेच मागे वळे. भाऊजी शेजारून सांगत होते. "तिच्याशी भांडू नका. हात सैल ठेवा. आता पुढं रस्ता मोकळा हाय, जरा जोर द्या." मी जोर दिला.

गाडी माझ्या दारात ठेवून ते रेल्वेने अकोल्याला परतले, आणि जाऊबाईंना त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. त्या रागावल्या, पण गाडीवरून नाही. महिनाभर भाऊजींचा मला फोन आला नाही. मला वाटलं, एक माणूस मी खरं बोलून गमावला. मग एक दिवस फोन आला. अमरावतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावाल का, असं त्यांनी विचारलं. मी लावला आणि सोबत गेले. अंधाऱ्या खोलीत यंत्रासमोर हनुवटी ठेवून बसायचं आणि बारीक दिवा दिसला की बटण दाबायचं, अशी ती तपासणी असते. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. दिवे लागत होते ते मला दिसत नव्हते, पण बटणाचा आवाज ऐकू येत होता, आणि कधी कधी तो बराच वेळ येत नव्हता.

गाडी त्यांनी विकली नाही. एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर ती चालवतात. हात सैल ठेवायला तेही शिकले आहेत. भाऊजींचे डोळ्यांत थेंब घालायचे दिवसातून दोन वेळा ठरलेले आहेत, आणि जाऊबाई घड्याळ धरून उभ्या असतात. तुम्ही दोघंही तिकडे एकदा डोळ्यांतला दाब तपासून घ्या; हा आजार घराण्यात चालतो म्हणतात.

डॉक्टरांनी सांगितलं की गेलं ते परत येणार नाही, पण औषध नेमाने घेतलं तर राहिलं आहे ते टिकेल. तेव्हा त्यांच्याशी बोलायचं असलं की बाजूने जाऊ नका, समोर जाऊन उभे राहा. समोरचं त्यांना अजून स्वच्छ दिसतं.