आमची बेसनलाइन

किस्से मी मुद्दाम गोळा करत नाही. गादीवाल्या रशीदभाईच्या पिंजणयंत्रासमोर पाच मिनिटं उभं राहिलं की कापूस आपोआप अंगाला चिकटतो, तसंच हे. सोसायटीच्या रिकाम्या गोडाऊनची किल्ली माझ्याकडे होती. त्या गोडाऊनात शाळा सुटल्यावर गरीब पोरांची फुकट शिकवणी भरायची. किल्लीवाला म्हणून मी दाराशी बसून राहायचो. माझं स्वतःचं शिक्षण सातवी, तेही दोन प्रयत्नांत! पण शिकवायला येणारे एकेक नमुने पाहिले आणि वाटलं, वेळेवर थांबलो ते बरं झालं.

वऱ्हाडाचे ते वाईट दिवस होते, नापिकीचे अन् कर्जाचे. गावोगाव गाड्या फिरायच्या. साहेबांच्या, पत्रकारांच्या, संस्थांच्या. भातकुलीच्या अलीकडे आमचं गाव. तिथं तर चांगलं काम करायची साथच आली होती! अमरावतीची एक संस्था दर तीन महिन्यांनी नवा स्वयंसेवक पाठवायची. तो आला की दोनच्या पाढ्यापासून सुरुवात. तो गेला, दुसरा आला, पुन्हा बे एके बे. आमच्या पोट्ट्यांइतका दोनचा पाढा अख्ख्या जिल्ह्यात कोणाचा पक्का नसेल. तीनचा मात्र विचारू नका!

या सगळ्यात शिकवणीची खरी गरज होती रशीदभाईच्या नसरीनला. सातवीतली पोरगी, केसांत कायम कापूस. गावची शाळा सातवीला संपते. पुढं अमरावतीच्या मुलींच्या हॉस्टेलची परीक्षा पास झाली तरच आठवी. रशीदभाईनं सगळ्यांसमोर मला सांगून टाकलं होतं, "पास हुई तो जाएगी, आबाजी. नहीं तो सुई है, धागा है, गादी भरने बैठेगी."

*

पहिली ताई मुंबईची. खांद्याला झोळी, आवाज एकदम मऊ, आजारी माणसाशी बोलतात तसा. पहिल्याच दिवशी तिनं कागद-खडू वाटले.

"मुलांनो, तुमच्या मनातलं दुःख चित्रात काढा."

पोट्टे एकमेकांकडं पाहायला लागले. ताईला काय पाहिजे होतं ते मला कळत होतं, पोरांना कळत नव्हतं. गण्या ढोलेनं मात्र मान खाली घालून झकास म्हैस काढली. शिंगं, शेपटी, सगळं जागच्या जागी.

ताई त्याच्याशेजारी बसली. "छान आहे हं. पण यात दुःख कुठं आहे, बाळा?"

"लाथ मारते ना, ताई!"

*

तिच्यानंतर पुण्याचे सर आले. त्यांना आमची भूक दिसली नाही, गरिबी दिसली नाही. दिसलं एकच, आमचं 'ले'!

"मले नाही, मला. तुले नाही, तुला. जिथं जिथं 'ले' आहे तिथं तिथं 'ला' म्हणायचं. समजलं?"

आठ दिवस हेच. गणित बंद, इंग्रजी बंद, नुसतं 'ला-ला-ला'. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटायचं गाण्याचा क्लास आहे. (मीही लिहिताना 'ला' लावून राहिलो. काय करता, छापणाऱ्याला 'ले' पचत नाही.)

नवव्या दिवशी सरांनी हजेरी घेतली. गण्याकडं बोट दाखवून म्हणाले, "पूर्ण नाव सांग."

"गणेश ढोला, सर."

"ढोला? वहीत तर ढोले आहे."

"काल पावेतो ढोलेच होतो, सर. तुमीच सुधरवलं!"

*

याच काळात अमरावतीच्या चांगल्या घरच्या लोकांनी एक नवं खूळ काढलं. वाढदिवस आमच्या गोडाऊनात साजरा करायचा! गाडी यायची, केक कापला जायचा, पोरं 'हॅपी बर्थडे' गायची, फोटो निघायचा, गाडी जायची. अर्धा तास शिकवणीचा गेला तो गेलाच. नसरीन तेवढी वही छातीशी धरून गाडी जायची वाट पाहायची.

एकदा पांढऱ्या गाडीतून एक मोठे साहेब उतरले. गावाची पाहणी करायला आले होते. मागं चार माणसं, हातात फायली. गाडीचं दार वाजल्याबरोबर पोट्टे रांगेत उभे राहिले अन् एका सुरात सुरू, "हॅपी बर्थडे टू यूऽऽ!"

साहेब गोंधळले. हात हलवत म्हणाले, "अरे, थांबा, थांबा! आज माझा वाढदिवस नाही."

पहिल्या रांगेतल्या एका चिंगीनं त्यांच्या रिकाम्या हाताकडं पाहिलं.

"मंग कायले आले?"

*

आता मूळ गोष्ट. संस्थेला दर तीन महिन्यांच्या दोन परीक्षा लागायच्या. आल्या आल्या एक, तिला ते 'बेसलाइन' म्हणायचे. जाताना दुसरी, ती 'एंडलाइन'. पहिलीत पोरं ढ, दुसरीत हुशार, म्हणजे मधल्या मधे सरांनी क्रांती केली! माझ्या तोंडी 'बेसलाइन' काही बसेना. मी 'बेसनलाइन' म्हणायचो, मग सगळं गाव तेच म्हणायला लागलं.

पुण्याच्या सरांच्या बेसनलाइनमध्ये सारी दोनच्या पाढ्याची गणितं, पोरांनी सगळी बरोबर सोडवली. सरांचं तोंड एवढंसं झालं! "यांना येतंच, तर माझं इथं काय काम?" म्हणाले, अन् महिनाभरात बिऱ्हाड उचललं. शिकवणी बंद. नसरीन रोज येऊन गोडाऊनचं कुलूप पाहून जायची.

मग माझ्यातला जुना वांड जागा झाला. पुढचा स्वयंसेवक यायच्या आधी मी पोरांना गोळा केलं आणि मंत्र दिला. "पहिल्या परीक्षेले सारं चुकवायचं, दुसरीले सारं बरोबर. सर खूश, तुमी खूश, शिकवणी चालू!"

पुढचा आला अकोल्याचा अक्षयदादा. इंजिनिअरिंगचा पोरगा, पोरगा चांगला, पण कानात सदा वायर. त्याच्या बेसनलाइनमध्ये पोट्ट्यांनी कमाल केली. गण्यानं तर एका बेरजेचं उत्तर 'म्हैस' लिहिलं! नसरीनचं मात्र प्रत्येक उत्तर बरोब्बर एकानं जास्त. अक्षयदादानं अहवालात लिहिलं, "नसरीन मोजताना एक बोट जास्त मोजते. विशेष लक्ष द्यावे."

मी तिला बाजूला घेतलं. "काहून वं, एकच काहून जास्त?"

"चुकीचं लिवायचं तर पहिले बरोबर काय ते काढा लागते ना, आबाजी. नाही तर चुकून बरोबर येऊन जाईन!"

तीन महिन्यांनी एंडलाइन झाली. सगळ्या पोरांना पैकीच्या पैकी. अमरावतीत अक्षयदादाला शाल मिळाली. एक बोट कमी केल्याबद्दल!

*

मग हॉस्टेलची परीक्षा आली. गणिताचा पेपर. नसरीनसोबत रशीदभाई, अक्षयदादा आणि मी असे तिघं अमरावतीला गेलो. पोरगी आत गेली, आम्ही फाटकासमोर चहा घेत बसलो.

अक्षयदादा म्हणाला, "तिला टेन्शन नको म्हणून समजावून सांगितलं, आबाजी. म्हटलं, ही नुसती पहिली परीक्षा आहे. दुसरी तोंडी असते, ती नंतर."

मी कप खाली ठेवला.

"काय सांगितलं? पहिली?"

"हो. का?"

का म्हणे! माझाच मंत्र, अन् पोरगी शब्दाची पक्की. ती आत बसून सगळं सुरेख चुकवून राहिली असणार. मी धोतर आवरलं आणि पळालो. फाटक ओलांडलं, पहिली खिडकी, दुसरी खिडकी, तिसऱ्या खिडकीतून केसांतला कापूस दिसला.

"नसरीन वं! हे बेसनलाइन नोहोय! एंडलाइन हाये, एंडलाइन!"

चौकीदारानं मागून दंड धरला. "काय बुढेबाबा, कॉपी देऊन राहिले?"

"सातवी शिकलेला मानूस कायची कॉपी देईन, बाप्पा?"

त्यानं मला फाटकाबाहेर काढलं. मी रशीदभाईला घडलं ते सगळं सांगितलं. तो नुसता शर्टावरचा कापूस वेचत राहिला.

पोरगी बाहेर आली. मी विचारलं, "आयकू आलं होतं का वं?"

"आलं."

"मंग?"

"दहा मिनिटं उरले होते, आबाजी." एवढं बोलून ती पाणी प्यायला गेली.

*

पंधरा दिवसांनी बोलावणं आलं. पालकांसह हजर राहावे. नसरीनला घेऊन पुन्हा आम्ही तिघं गेलो. चष्मेवाल्या मोठ्या मॅडम टेबलामागं बसलेल्या, पुढं नसरीनचा पेपर. माझ्याकडं पाहिलं अन् म्हणाल्या, "खिडकीतून ओरडणारे हेच ना?"

मी छताकडं पाहायला लागलो.

मॅडमनी पेपर उलटा करून आमच्याकडं सरकवला. पहिल्या गणितापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक उत्तर खोडलेलं, बाजूला नवं. प्रत्येक नवं उत्तर एकानं कमी. आणि प्रत्येक नवं उत्तर बरोबर.

"हा प्रकार काय आहे? बाहेरून कोणी उत्तरं सांगितली? खरं सांग, नाहीतर हा पेपर मी रद्द करते."

अक्षयदादा म्हणाला, "मॅडम, त्याचं असं आहे की..."

"तुम्ही बसा."

रशीदभाईनं टोपी काढून हातात घेतली. नसरीन उभी राहिली.

"खोडलेले हायेत ते पहिल्या परीक्षेचे, मॅडम. बाजूले लिवले ते दुसरीचे."

मॅडमच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांनी पेपर पालथा घातला आणि एकदम विचारलं, "सतरा नवे?"

"एकशे त्रेपन्न." नसरीन जराशी थांबली. "पहिली परीक्षा असंन तर एकशे चौपन्न."

मॅडमनी तिच्याकडं पाहिलं. मग अक्षयदादाकडं. मग बराच वेळ माझ्याकडं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. खणातून प्रवेशाचा एक छापील कागद काढून रशीदभाईच्या पुढ्यात ठेवला.

"बाकी सगळं हॉस्टेलचं," त्या म्हणाल्या. "फक्त गादी घरून आणावी लागते. जमेल का तुम्हाला?"

रशीदभाईनं टोपी डोक्यावर घातली.

"कितनी चाहिए, मॅडम?"